मल्लप्पाअण्णा आणि बाजारपेठेचं गटार

मल्लप्पाअण्णा लोकांचं सांडपाणी लोकांच्या दारात नेऊन परत करायचे.

मी लग्न होऊन त्या गावात आले आणि लगेचच हा प्रकार माझ्या वाट्याला आला. हातावरची मेंदी अजून लाल होती. सकाळी दारात रांगोळी काढायला वाकले होते, तर शेजारच्या घरातून एक उंच, काटकुळा माणूस बाहेर पडला. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळावर भस्माचे पट्टे, हातात घागर. मला वाटलं, महादेवाच्या देवळातून तीर्थ आणलं असेल. मी पदर सारखा करून बाजूला झाले. त्यांनी माझ्या अर्ध्या रांगोळीला नीट वळसा घातला आणि आमच्या उंबऱ्यासमोर घागर उपडी केली. काळपट, तेलकट पाणी. त्यात शेवया, भाताची शितं आणि पत्रावळीचे तुकडे.

"लग्नघरचं पाणी हाय," ते म्हणाले. "नदीकडं निघालं हुतं. माघारी आणून दिलं. ज्याचं त्याला."

सासूबाई आतून तावातावानं आल्या. "आण्णा, नवी सून दारात उभी हाय. काय वाटतंय का तुमाला?"

"वाटतंय की. म्हणून तर आलो. ह्या घरचं पाणी कुठं जातंय, ते सुनंला पयल्याच दिशी कळाय पायजे."

रिकामी घागर खांद्यावर टाकून ते निघून गेले. मी नवऱ्याकडं बघितलं. आमचे हे नायब तहसीलदाराच्या कचेरीत कारकून. त्यांनी मान खाली घालून जोडे चढवले.

आमचं गाव तेरणेच्या काठी, तेरच्या वरल्या अंगाला. तेव्हा निजामाचं राज्य होतं. कचेरीतला कागद उर्दूत, बाजारातली बोली मराठीत आणि अण्णांच्या शिव्या कानडीत. त्यांचं कूळ मूळचं गुलबर्ग्याकडल्या आळंदच्या बाजूचं. राग वाढत गेला की ते मराठी सोडून कानडीत शिरायचे. त्यांचा लाडका शब्द 'होलसु'. होलसु म्हणजे घाण. पाणी होलसु, गल्ली होलसु, नायब होलसु, आणि फार चिडले की अख्खी निजामशाही होलसु. हे शेवटचं ते भर बाजारात म्हणायचे आणि आमच्या ह्यांना घाम फुटायचा.

कुठलं पाणी कुणाचं, हे त्यांना कसं कळायचं? त्याला काही सिद्धी लागत नव्हती. प्रत्येक घराची मोरी गल्लीत उघडायची आणि अण्णा रोज सकाळी गल्ली बघत नदीपर्यंत जायचे. पाण्यातून घर कळतं. श्रावणी सोमवारी एका घरानं कडक उपास असल्याचं गावभर सांगितलं होतं. अण्णांनी त्यांच्या दारात घागर ओतली आणि शांतपणे म्हणाले, "कांद्याची टरफलं तुमचीच हायत. उपासाला कांदा चालतोय व्हय तुमच्यात?" लोक घागरीला भीत नव्हते. त्यांच्या तोंडाला भ्यायचे.

बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं. साबण मागितला की विचारायचे, "धुणं कुठं धुणार?" नदीवर म्हटलं की साबण परत फळीवर जायचा आणि पुड्यात रिठे यायचे. गिऱ्हाईक कुरकुरलं तर दुकानाबाहेर बोट दाखवायचे. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. परसात मात्र केळी, अळू आणि कर्दळ अशी माजलेली की उन्हाळ्यातही त्यांच्या भिंतीला हात लावला तर गार लागायचा. न्हाणीचं पाणी खड्ड्यात, खड्ड्यातून वाळूत, वाळूतून केळीला. त्या घरातून एक थेंब गल्लीत येत नसे. सकाळी भिंतीपलीकडून कानडी बोलणं ऐकू यायचं. बरेच दिवस मला वाटायचं, घरात आणखी कुणीतरी आहे. ते केळींशी बोलत होते.

माणसांपैकी ते मनापासून बोलायचे, म्हणजे भांडायचे, ते एकाशीच. समोरच्या दुकानातले रंगारी गफूरचाचा. ठेंगणे, गोल, हात कोपरापर्यंत निळे. चाचांच्या रंगाच्या हंड्या धुतल्या की गल्लीतून निळा ओघळ निघायचा आणि त्याच्यामागून घागर घेऊन अण्णा.

"मेरा पानी मेरेकु कायकु लाया रे मल्लप्पा?"

"तुझं हाय म्हणून."

"नद्दी में डाल देना था."

"नदी तुझ्या बापाची न्हाय."

"तेरे बाप की है?"

"न्हाय. म्हणून तर."

हे रोज. गाव त्यावरून वेळ ओळखायचं. भांडण संपलं की दोघं आपापल्या गादीवर बसायचे आणि दिवसभर एकमेकांकडं खाऊ की गिळू असं बघत राहायचे. दोघांपैकी एकाचं दुकान बंद असलं, की दुसऱ्याचं कामात लक्ष नसायचं.

मग नवे नायब साहेब आले. त्यांना स्वच्छतेची आवड होती. बाजारात पाय ठेवताना नाकाला अत्तराचा फाया लावायचे. त्यांनी हुकूम काढला आणि कचेरीपासून बाजारपेठेतून नदीपर्यंत दगडी गटार बांधलं. गल्ली कोरडी झाली. डुकरं गेली. लोकांनी नायबांना हार घातला. आमच्या सासूबाईही म्हणाल्या, "आता आण्णाची घागर बंद हुईल." बंद झाली नाही; मोरी गटाराला मिळते तिथंच अण्णा घागर भरू लागले.

गटाराचं तोंड कुठं काढलं ते सांगते. नदीवर दोन पाणवठे होते. वरचा गावाचा. खालचा गावकुसाबाहेरच्या वस्तीचा, कारण त्या लोकांना गावच्या विहिरीला शिवू देत नव्हते आणि वरच्या पाणवठ्यावरही येऊ देत नव्हते. गटाराचं तोंड बरोब्बर दोन्हींच्या मध्ये काढलं. आमच्या खाली आणि त्यांच्या वर. ही चूक असती तर मला इतका राग आला नसता, आजही येतो तितका. चूक माणसाकडून होते. हे ओळंबा लावून केलेलं काम होतं.

अण्णा कचेरीत गेले. पुढचं मला ह्यांनी सांगितलं.

"साहेब, पाणी कुठं सोडलंत?"

"नदीत."

"नदी कुठं जाती?"

"खाली."

"खाली कोण हाय?"

नायब कागद मांडणाऱ्या पेशकाराकडं बघू लागले. पेशकार छताकडं.

"खालच्या लोकांची काही तक्रार आलेली नाही," नायब म्हणाले.

"त्यास्नी कचेरीची पायरी चढू देता का तुमी? तक्रार काय पाण्यातनं वर पोहत यील?"

शिपायानं त्यांना बाहेर काढलं. पायऱ्या उतरताना कानडी सुरू झालं ते दुकानापर्यंत थांबलं नाही.

त्या वस्तीतली रखमाबाई आमच्या परसदारी सरपण आणून टाकायची. तिची सून सोना माझ्याच वयाची. गफूरचाचांची रंगवलेली कापडं नदीकाठी वाळत घालायचं काम करायची. हातावर कायम लाल-निळे डाग. ती परसामागून घरी जाताना मी भिंतीवरून विचारायची, आज कुठला रंग? ती न बोलता हात वर करून दाखवायची. एवढीच आमची मैत्री, पण त्या घरात मला तेवढीही दुसरी नव्हती.

उन्हाळा आला. नदी आटून डबक्यांवर आली. वरच्या डबक्यात आम्ही, खालच्या डबक्यात आमचं गटार आणि त्यातच त्यांचे हंडे. वस्तीत हगवण लागली. आधी लेकरं, मग म्हातारी माणसं. एक दिवस रखमाबाई सरपण न घेता आली आणि परसदारी नुसतीच उभी राहिली.

"सोना गेली," ती म्हणाली. "पाणी पाणी करीत हुती. म्या पाजीत हुते. त्येच पाणी पाजीत हुते मी, बाई."

घरात सगळे म्हणाले, देवीचा कोप. बाजारातले म्हणाले, त्यांच्यात घाण असतेच. घाण आमची, हगवण त्यांची आणि दोष देवीचा. मी त्या दिवशी चूल पेटवली नाही. सासूबाईंनी विचारलं, सुतक आहे का? मी म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घागर आली नाही. अण्णा बैलगाडी घेऊन नदीवर गेले होते. गाडीत दुकानातली पोती, मातीनं भरलेली. त्यांनी गटाराच्या तोंडात पोतं टाकलं, त्यावर पोतं, त्यावर पोतं. गफूरचाचा मागून धापा टाकत आले. त्यांचं दुकान बाजारात सगळ्यात खाली. पाणी तुंबलं तर पहिलं त्यांच्याच दुकानात शिरणार.

"मल्लप्पा, पैले मेरीच दुकान डूबेगी."

"बुडू दे."

 चाचांनी लुंगी खोचली, काठावरची धुण्याची शिळा ढकलत आणली आणि पोत्यांवर टेकवली. "ऐसा नै रखते गधे, बह जाएगा," म्हणाले. एवढं म्हणून तिथंच बसले आणि रडले. सोना त्यांच्याकडं लहानपणापासून कामाला होती.

दुपारपर्यंत गटार उलटं वाहू लागलं. चाचांचं दुकान, मग अण्णांचं स्वतःचं, मग कापडवाले, मग कचेरी. आमचे हे घरी आले ते अनवाणी, जोडे हातात धरून, आणि तो हात अंगापासून लांब धरून. मी पदर तोंडावर घेतला. लग्न झाल्यापासून त्या घरात मी पहिल्यांदाच हसले असेन. निम्म्या गावाला त्या दिवशी शोध लागला की आपल्या पाण्यालाही वास असतो.

नायब साहेब पोलिसांच्या अमीनाला आणि शिपायांना घेऊन नदीवर आले. आम्ही बायका वरच्या पाणवठ्यावर हंडे घेऊन उभ्या होतो, कुणीही पाणी भरत नव्हतं.

"हे कोणी केलं?"

"म्या," अण्णा पोत्यांवर बसून म्हणाले.

"सरकारी काम बंद पाडतोस?"

"न्हाय. सरकारी काम सरकारकडं माघारी धाडलंय. ज्याचं त्याला."

"कचेरीत घोट्याएवढं पाणी आहे."

"वस्तीत पोटात हाय."

नायबांनी हात उचलला आणि शिपायांनी अण्णांना पोत्यांवरून ओढून काढलं. म्हातारा माणूस, गुडघे फुटले. पोती काढायला मात्र कुणी शिपाई त्या पाण्यात उतरेना. नायबांनी वस्तीतल्या माणसांना हाक मारली. ती माणसं काठावर उभी होती. रखमाबाई पुढं आली आणि म्हणाली, "आमी न्हाय काढणार, साहेब." इतक्या हळू म्हणाली की शेजारच्या बाईनं मला विचारलं, काय म्हणाली? मी मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्याबद्दल मला घरी जे ऐकावं लागलं ते लागलं.

अण्णांना चावडीत कोंडलं. ते कुणाच्या हातचं खाईनात. तेव्हा गफूरचाचा केळीचा घड घेऊन गेले.

"माझ्याच परसातली केळी मला?"

"जिसका उसकु," चाचा म्हणाले.

गटार तुंबलेलंच राहिलं. कचेरीत बसवेना, तेव्हा तोड निघाली. नदीकाठी अण्णांची थोडी मळई, गाळाची जमीन, होती, गटाराच्या तोंडालगतच. अण्णा म्हणाले, ती जमीन घ्या, पाणी तिथं वळवा, खड्डे मी खणतो. सरकारला काहीच करायचं नव्हतं, म्हणून सरकारनं मान्य केलं.

आता परसातली केळी पोसणं वेगळं आणि बाजारपेठ पोसणं वेगळं. अण्णांचा पहिला खड्डा महिनाभरात बसला. वर साय धरली, वास असा सुटला की वस्तीतली माणसंच म्हणू लागली, आण्णा, यापरीस गटार बरं हुतं. अण्णा खड्ड्याच्या काठावर उभं राहून त्याला कानडीत शिव्या देत होते. चाचा म्हणाले, "गाली से साफ होता तो अबतक पूरा गाँव साफ हो जाता." मग पुन्हा खणलं. पहिला खड्डा रुंद, त्यात गाळ खाली बसावा म्हणून. तोंडाशी बाभळीच्या काट्यांचं जाळं, केरकचरा अडवायला. दुसऱ्यात दगड, खडी, फुटकी कौलं, वाळू आणि कोळसा. तिसरा लांब चर, त्यात कर्दळ, अळू आणि नदीतलं लव्हाळं. तिथून पाणी केळीत आणि केळीतून झिरपत नदीत. खणायला वस्तीतले लोक, अण्णा आणि चाचा. गावानं काय दिलं म्हणाल, तर चुलीतले कोळसे. तेही मी आणि गल्लीतल्या दोघीतिघी पदराआडून नेऊन द्यायचो.

सगळं जमलं, पण कर्दळ मरू लागली. पानं निळी पडून गळायची. अण्णा कर्दळीचं मेलेलं रोप घेऊन भर बाजारातून चाचांच्या दुकानात गेले.

"ह्ये बघ. तुझ्या रंगानं मारलं."

"रंग है, जहर नै."

"तू पी बरं."

त्या भांडणातून चौथा खड्डा आला, बाजूला, उथळ, तळाला फरशी लावलेला. रंगाचं पाणी त्यात वेगळ्या चरानं यायचं आणि उन्हात आटायचं. तळाला उरलेली पूड चाचा खरवडून न्यायचे आणि अण्णा बघत उभे राहायचे, एक चिमूट तरी बाहेर पडते का म्हणून.

नदी काही गंगा झाली नाही. अण्णांना तर कधीच समाधान नव्हतं; रोज ओंजळीत घेऊन हुंगायचे आणि म्हणायचे, "होलसु. अजून हाय." पण पुढच्या उन्हाळ्यात वस्तीत हगवणीनं कुणी गेलं नाही. याबद्दल नायबांची बढती झाली. हार पुन्हा त्यांनाच घातले.

मग तो वाईट काळ आला. रझाकारांच्या धास्तीनं गाव रिकामं होऊ लागलं. लोक गाड्या जुंपून हद्दीपलीकडं बार्शीला निघाले. आम्हीही गेलो. अण्णांना चला म्हटलं, तर म्हणाले, "गाळ कोण काढणार?" वस्तीतल्या लोकांना जायला ठिकाणच नव्हतं, ते राहिले. गफूरचाचाही राहिले.

हिंदुस्थानची फौज आली, राज्य बदललं आणि आम्ही परतलो. बाजार अर्धा जळालेला. गफूरचाचांच्या दुकानाला दार नव्हतं. रंगाच्या हंड्या फोडून टाकलेल्या. रझाकारांचा सूड लोकांनी त्यांच्यावर घेतला, ज्यांच्या हातांना रंगाशिवाय कधी काही लागलं नव्हतं. कुणी केलं ते सगळ्यांना माहीत होतं. सगळे माझ्या दारावरून रोज जात होते, नमस्कार करत होते.

अण्णांना विचारलं तर ते फावडं उचलून गाळ काढायला निघून गेले. रखमाबाईनंच सांगितलं. मारायला माणसं आली तेव्हा चाचा, चाची आणि त्यांची नात अण्णांच्या मळईतल्या झोपडीत होती, केळीच्या आड. माणसं कुऱ्हाडी घेऊन नदीवर उतरली. अण्णा पहिल्या खड्ड्यात कमरेएवढे उभे राहून गाळ काढत होते. म्हणाले, या, बघा, पण ह्यातनंच वाट हाय. त्या घाणीत उतरायला कुणी तयार झालं नाही.

"आन आत काय चाललं हुतं, ठावं हाय का?" रखमाबाई म्हणाली. "दोघं भांडत हुते, बाई. कुजबुजत. चाचानं तोंड धुतलेलं पाणी भुईवर टाकलं म्हणून."

पुढं रस्ते शांत झाल्यावर अण्णांनी स्वतः गाडी जुंपली आणि त्या तिघांना येडशीच्या ठेसनावर सोडलं. चाचांचा मुलगा हैदराबादेत होता. गाडी सुटेपर्यंत अण्णा फलाटावर थांबले का, काय बोलले, ते कुणाला माहीत नाही. सोबत कुणी नव्हतं.

त्यानंतर अण्णांनी घागर उचलली नाही. गल्लीतून जायचे पण कुणाकडं बघायचे नाहीत. दुकानात साबण मागितला की साबण द्यायचे. लोकांना बरं वाटलं, म्हणाले, म्हातारा निवळला. मला त्या निवळण्याची भीती वाटायची. माणसांवर चिडायचं त्यांनी सोडलं होतं, कारण ती माणसं चिडण्याच्याही लायकीची राहिली नव्हती.

एकदा धुणं घेऊन नदीवर गेले, तर अण्णा चौथ्या खड्ड्यात उतरून फरशी घासत होते. कोरडा ठणठणीत खड्डा. गावात आता रंगारी नव्हता, रंगाचा थेंब नव्हता. त्यात पडलेला पाचोळा ते वेचत होते, फटीतलं गवत उपटत होते. गुडघे दुखत असावेत, कारण एका हातानं काठ धरला होता.

"अण्णा, ह्यात आता काही येत नाही," मी म्हटलं. "बुजवून टाका की. चार केळी तरी लागतील."

ते ताठ झाले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत जुना राग दिसला.

"आन त्यो आला म्हंजे?" ते म्हणाले. "रंगाचं पाणी कुठं सोडंल? गाढव हाय त्यो. सरळ नदीत सोडंल."

आणि पुन्हा खाली बसून फरशी घासू लागले.